मुलाखतीचे ध्वनिमुद्रण

प्रस्तावना

वर्तमानपत्रातील मुलाखत आपण वाचतो, तेव्हा बोलणाऱ्याचे शब्द आपल्यापर्यंत पोहोचतात. तो कोठे थांबला, कोणता शब्द उच्चारताना त्याचा आवाज खाली आला, कोणत्या प्रश्नावर तो हसला आणि ते हसणे मोकळे होते की कडवट, हे मात्र छापील ओळींत सहसा उतरत नाही. तीच मुलाखत आकाशवाणीवर किंवा मोबाइलवर ऐकली, तर या साऱ्या गोष्टी न सांगता कळतात. म्हणूनच पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात मुलाखत लिहिण्याबरोबर ती ध्वनिमुद्रित करण्यासही शिकवले जाते.

या पाठात आपण एकच उदाहरण सोबत घेऊन चालणार आहोत. समजा, तुम्ही पत्रकारितेचे विद्यार्थी आहात आणि सोलापुरातील एका यंत्रमाग कामगाराची दहा मिनिटांची मुलाखत तुम्हांला सादर करावयाची आहे. सोलापूर हे चादरी व टॉवेल यांसाठी देशभर प्रसिद्ध असलेले शहर. येथील विणकरांपैकी अनेकांची कुटुंबे पूर्वी तेलुगू भाषक प्रदेशातून येऊन स्थायिक झाली. त्यामुळे घरात तेलुगू आणि बाजारात मराठी, अशी अनेकांची रीत आहे. तुम्ही ज्या गावात राहता, तेथे कदाचित माग नसतील. विड्या वळणाऱ्या स्त्रिया असतील, वीटभट्टी असेल किंवा मासळीबाजार असेल. येथे सांगितलेले बहुतेक सारे तेथेही उपयोगी पडेल.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही
• मुलाखतीसाठी योग्य जागा व माइकचे योग्य अंतर निवडू शकाल;
• ऐकण्यासाठी घेतलेल्या मुलाखतीला साजेसे प्रश्न तयार करू शकाल;
• संमती, ओळख आणि संपादन यांबाबतची पत्रकाराची जबाबदारी स्पष्ट करू शकाल.

मूळ पाठ

१. माणसाचा कान आणि यंत्राचा कान

यंत्रमागाच्या कारखान्यात पाऊल टाकताच मागांची खडखड कानांवर आदळते. धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फेकला जात असतो आणि प्रत्येक फेकीला एक ठोका पडतो. असे अनेक माग एकाच छपराखाली चालतात, तेव्हा आवाज ९० डेसिबलच्या पुढे जाणे नित्याचेच असते. तरीही तेथे दोन कामगार एकमेकांशी बोलतात. ते ओठांची हालचाल पाहतात, हातांनी खुणा करतात, कानाशी तोंड नेऊन सांगतात. तुम्हीही थोडा वेळ त्यांच्याजवळ उभे राहिलात, तर त्यांचे बोलणे तुम्हांला उमगू लागते. याचे कारण असे, की माणसाचा कान एकटा ऐकत नाही. त्याच्यामागे मेंदू असतो आणि नको असलेला आवाज मागे सारून हवा असलेला आवाज पुढे आणण्याचे काम तो अखंड करीत असतो.

माइकला अशी निवड करता येत नाही. त्याच्यापर्यंत जे पोहोचेल, ते तो सारखेपणाने टिपतो. म्हणून कारखान्यात उभे राहून घेतलेली मुलाखत घरी येऊन ऐकली, की केवळ खडखड ऐकू येते आणि तिच्या तळाशी कोणीतरी पुटपुटत असल्याचा भास होतो. समोर बसलेल्या माणसाचे बोलणे आपल्याला स्वच्छ ऐकू आले, एवढ्यावरून ते यंत्रानेही स्वच्छ ऐकले असेल असे समजू नये.

यावरचा उपाय म्हणजे यंत्राच्या कानाने ऐकणे, अर्थात ध्वनिमुद्रण चालू असताना हेडफोन लावणे. पुष्कळ विद्यार्थ्यांना याचा संकोच वाटतो. वयाने मोठ्या माणसासमोर कानांवर यंत्र चढवून बसणे त्यांना उद्धटपणाचे वाटते. तसे वाटत असेल, तर आधी त्या व्यक्तीलाच हेडफोन देऊन तिचा आवाज तिला ऐकवावा. स्वतःचा आवाज ऐकून बहुतेक माणसे हसतात आणि यंत्राची भीती तेथेच निम्मी होते.

अमेरिकेतील स्टड्स टर्केल यांनी शिकागो शहराच्या नभोवाणीवर १९५२ पासून ४५ वर्षे मुलाखतींचा कार्यक्रम केला. साध्यासुध्या माणसांना त्यांच्या कामाविषयी बोलते करून त्यांनी सिद्ध केलेला ग्रंथ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. टेपरेकॉर्डर हाताळण्यात मात्र ते अगदी कच्चे होते. त्यांची धडपड पाहून समोरचा माणूसच मदतीला येई आणि त्या मदतीतून गप्पा सुरू होत. आपण यंत्र नीट शिकावे हे खरेच. पण बोलणाऱ्याला ते परके वाटू नये, ही गोष्ट यंत्र शिकण्याइतकीच महत्त्वाची आहे.

२. जागा आणि अंतर

महागडे साहित्य हवे, ही समजूत प्रथम दूर करावी. साध्या स्मार्टफोनवर आणि कपड्याला लावण्याच्या छोट्या माइकवर प्रसारणयोग्य मुलाखत घेता येते. साहित्यापेक्षा अंतर अधिक परिणाम करते. मोकळ्या जागेत तोंडापासून माइकचे अंतर दुप्पट केले, की त्याच्यापर्यंत पोहोचणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. भोवतालचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो. म्हणून माइक जवळ नेणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी इलाज होय.

किती जवळ? एक वीतभर. माइक तोंडाच्या अगदी समोर न धरता किंचित बाजूला व खाली धरावा. प, फ, ब, भ हे वर्ण उच्चारताना ओठांतून हवेचा झोत बाहेर पडतो. तो थेट माइकवर आदळला, तर ‘भाकरी’ किंवा ‘फणी’ अशा साध्या शब्दांतही धप्प असा आवाज उमटतो. तळहात तोंडासमोर धरून हे दोन शब्द उच्चारून पाहा. झोताची दिशा तुमची तुम्हांलाच कळेल. कपड्याला लावायचा माइक छातीवर, हनुवटीच्या खाली वीतभर अंतरावर लावतात. तेथे पदर, ओढणी किंवा गळ्यातील मणी घासत नाहीत ना, हे पाहावे. स्त्रीची मुलाखत घेताना माइक तिच्या हाती द्यावा आणि तो तिचा तिला लावू द्यावा.

फोनवर ध्वनिमुद्रण करणार असाल, तर त्याचा माइक बहुधा खालच्या कडेला असतो. तो बोटाने झाकला जाऊ नये. फोन ‘एअरप्लेन मोड’वर ठेवावा. ऐन मोक्याच्या वाक्यावर आलेला एक कॉल ध्वनिमुद्रण मधेच तोडू शकतो.

आता जागेविषयी. उघड्या भिंती, फरशी आणि पत्र्याचे छप्पर यांवरून आवाज परत फिरतो आणि बोलणे पोकळ वाटते. कापड आवाज शोषून घेते. सोलापुरात ज्या खोलीत चादरींच्या थप्प्या रचलेल्या असतात, ती खोली या कामासाठी एखाद्या स्टुडिओलाही हेवा वाटावा अशी असते. तुमच्या गावात गोधड्या, गाद्या किंवा धान्याची पोती असलेली खोली शोधावी. पंखा, फ्रिज, टीव्ही यांचा आवाज बोलण्यात मिसळला, की तो पूर्णपणे काढता येत नाही. म्हणून परवानगी घेऊन ते बंद करावेत. मात्र सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो. अशा दुपारी कोणाला पंख्याविना तासभर बसवून ठेवणे हे स्वच्छ ध्वनिमुद्रणाच्या हव्यासाचे लक्षण आहे, चांगल्या पत्रकारितेचे नव्हे. त्यापेक्षा सकाळची वेळ ठरवावी.

मागांचा आवाज मुलाखतीत नकोच, असा याचा अर्थ नाही. त्या आवाजाशिवाय विणकराची मुलाखत अपुरी वाटेल. तो स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित करावा. कारखान्यात जाऊन चालत्या मागाचा दोन मिनिटे, कांडी बदलताना थांबणाऱ्या मागाचा वेगळा आणि पाळी संपताना एकेक माग बंद होत जातो तेव्हाचा आणखी वेगळा. याखेरीज ज्या खोलीत मुलाखत झाली, तेथे कोणीही न बोलता अर्धा ते एक मिनिट ध्वनिमुद्रण चालू ठेवावे. प्रत्येक खोलीच्या शांततेला स्वतःचा असा एक बारीक आवाज असतो. संपादन करताना दोन वाक्ये जोडायची असतील, तर त्यांमध्ये हीच शांतता घालावी लागते. नाहीतर सांधा कानाला खटकतो.

आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी उणे १२ ते उणे ६ डेसिबल यांच्या दरम्यान हलत राहावी. ती शून्याला भिडली, की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज पुन्हा मूळ रूपात आणणे जवळजवळ अशक्य असते. वर्षानुवर्षे मागांवर काम केलेली माणसे शांत खोलीतही मोठ्याने बोलतात आणि त्यांपैकी काहींना कमी ऐकू येते. म्हणून त्यांच्यासमोर तोंड करून बसावे, सावकाश बोलावे आणि पातळी थोडी खालीच ठेवावी.

पाठगत प्रश्न १
(अ) कारखान्यात उभे राहून घेतलेली मुलाखत अस्पष्ट का येते?
(आ) ज्या खोलीत मुलाखत झाली, तेथील शांतता ध्वनिमुद्रित का करावी?

३. आधी नाव सांगावे

इ.स. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गेसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे ध्वनिमुद्रित केले. त्या काळात ध्वनिमुद्रिका दाबण्यासाठी साचे जर्मनीतील हॅनोव्हर येथे पाठवले जात. तेथील तंत्रज्ञांना गायिका ओळखता यावी, म्हणून गाण्याच्या शेवटी गौहर जान स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारीत. शंभरहून अधिक वर्षे लोटली. ते गाणे कोणाचे, याविषयी आज शंका उरलेली नाही.

ही सवय आपणही लावून घ्यावी. ध्वनिमुद्रण सुरू होताच दिनांक, ठिकाण, आपले नाव आणि बोलणाऱ्याचे नाव उच्चारावे. नावाचा उच्चार बोलणाऱ्याच्याच तोंडून घ्यावा. तेलुगू आडनावे मराठी माणूस अनेकदा चुकीची उच्चारतो आणि स्वतःचे नाव चुकीचे प्रसारित झालेले कोणालाच आवडत नाही. त्यानंतर ‘आज सकाळी काय खाल्लेत?’ असे काहीतरी विचारावे. या उत्तराला बातमीमूल्य नसते, परंतु तेवढ्यात आवाजाची पातळी जुळवता येते आणि माणूस मोकळा होतो.

४. प्रश्न आणि मौन

लेखी मुलाखतीत ‘तुम्हांला कामाचा त्रास होतो का?’ या प्रश्नाला ‘हो’ असे उत्तर मिळाले, तरी लेखक पुढचे वाक्य स्वतः रचू शकतो. ध्वनिमुद्रित मुलाखतीत ‘हो’ म्हणजे फक्त ‘हो’. म्हणून प्रश्न असा असावा, की उत्तरात एखादे दृश्य यावे: ‘पाळी संपवून घरी गेल्यावर पहिला तास कसा जातो?’ यावर तो कदाचित सांगेल, की घरात सगळे बोलत असतात आणि त्याच्या कानांत मात्र मागच चालू असतो. मुलगी हाक मारते आणि ते त्याला दुसऱ्या-तिसऱ्या हाकेला कळते. एकाच वेळी दोन प्रश्न विचारू नयेत. माणूस सोप्या प्रश्नाचे उत्तर देतो आणि अवघड प्रश्न निसटतो.

आपला प्रश्न नंतर गाळला जाण्याची शक्यता असते. ‘मजुरी कशी मिळते?’ याला ‘नगावर’ असे एका शब्दाचे उत्तर आले, तर श्रोत्याला काहीच कळणार नाही. अशा वेळी ‘ज्यांनी माग कधी पाहिला नाही, त्यांना जरा सविस्तर सांगा’ अशी विनंती करावी.

आपल्याकडे कोणी काही सांगू लागले, की ऐकणारा ‘हं’, ‘हो का’, ‘अगं बाई’ असा हुंकार देतो. हुंकार न देणे म्हणजे लक्ष नसणे, असेच मानले जाते. माइकपुढे मात्र प्रत्येक हुंकार बोलणाऱ्याच्या शब्दांवर चढून बसतो आणि मग तो कापता येत नाही. म्हणून मान हलवावी, डोळ्यांनी प्रतिसाद द्यावा. आपण हुंकार का देणार नाही, हे आधीच सांगितले तर गैरसमज होत नाही.

याहून कठीण आहे ते गप्प राहणे. उत्तर संपले असे वाटले, तरी मनात पाच अंक मोजावेत आणि मगच पुढचा प्रश्न विचारावा. पहिले उत्तर पुष्कळदा ठरीव असते, पाहुण्याला द्यावे तसे. नंतरच्या मौनात माणूस स्वतःशी काही ताडून पाहतो आणि मग जे बोलतो, त्यासाठीच आपण गेलेलो असतो. नवा विद्यार्थी या मौनाला घाबरतो आणि घाईने पुढचा प्रश्न टाकतो. ध्वनिमुद्रणाच्या सगळ्या शिक्षणात ही एक गोष्ट यायला सर्वांत जास्त दिवस लागतात.

भाषेचाही विचार करावा. दुःखाची किंवा रागाची गोष्ट सांगताना माणूस आपल्या घरच्या भाषेकडे वळतो. आपला कामगार मधेच तेलुगूत बोलू लागला, तर त्याला अडवू नये. अनुवाद नंतर करता येतो. अडवलेले वाक्य परत मिळत नाही. सोलापुरी मराठीची वळणेही सुधारून घेण्याच्या भरीस पडू नये.

५. संमती आणि ओळख

भारतीय प्रेस परिषदेने पत्रकारांसाठी घालून दिलेल्या आचारसंकेतांनुसार, एखाद्याला न कळवता किंवा त्याच्या संमतीविना त्याचे संभाषण ध्वनिमुद्रित करू नये. पत्रकाराच्या कायदेशीर संरक्षणासाठी किंवा तशाच सबळ कारणासाठी ते आवश्यक असेल, तेवढा अपवाद आहे. विद्यार्थ्याने हा अपवाद स्वतःसाठी नाहीच, असे समजून चालावे.

संमती म्हणजे ‘रेकॉर्ड करू का?’ ‘करा.’ एवढेच नव्हे. हे कोठे ऐकवले जाणार, कोण ऐकू शकेल, इंटरनेटवर ठेवले तर ते किती काळ राहू शकेल, हे बोलणाऱ्याला समजेल अशा शब्दांत सांगून त्याचे उत्तर ध्वनिमुद्रित करावे. आपला कामगार मजुरी थकल्याविषयी बोलला आणि ते मालकाच्या कानी गेले, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा माणूस उभा असू शकतो. तुम्हांला परीक्षेत गुण मिळतील. किंमत मात्र तो मोजेल. म्हणून मुलाखत संपल्यावर ‘यातले काही गाळावेसे वाटते का?’ असे विचारण्यात कमीपणा नाही. सत्तेच्या पदावरील व्यक्तीला अशी सवलत देण्याचे कारण नाही. तिने उच्चारलेल्या शब्दाची जबाबदारी तिच्यावर असते. यंत्रमाग कामगार आणि मंत्री यांना एकच नियम लावणे वरवर न्याय्य दिसते, परंतु दोघांपुढील धोका सारखा नसतो.

नाव गाळले म्हणजे ओळख लपली, असेही मानू नये. आवाज हीच ओळख असते. गल्लीतला माणूस दोन वाक्यांत आवाज ओळखतो. स्वर जाडा किंवा बारीक करणारी काही तंत्रे उलट फिरवताही येतात. आणि आता तर काही सेकंदांच्या नमुन्यावरून कोणाच्याही आवाजाची नक्कल करणारी साधने उपलब्ध झाली आहेत. ओळख खरोखर लपवायची असेल, तर ते शब्द दुसऱ्या व्यक्तीकडून वाचून घ्यावेत आणि तसे श्रोत्यांना स्पष्ट सांगावे. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणे हा तर भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे.

६. कापताना

तासाभराच्या मुलाखतीतून दहा मिनिटे निवडायची असतात. त्यासाठी प्रथम सर्व ध्वनिमुद्रण ऐकून लिहून काढावे. एका तासाचे बोलणे लिहायला चार तासांहून अधिक वेळ लागणे सामान्य आहे. आज हे काम यंत्राकडूनही करून घेता येते. परंतु बोलीतील शब्द, तेलुगूमिश्रित वाक्ये व माणसांची नावे यांत यंत्र चुकते, म्हणून ते मूळ आवाजाशी ताडून पाहावेच लागते.

समजा, कामगार म्हणाला: ‘आमचे शेठ वाईट नाहीत. दिवाळीला देतात, दवाखान्याला देतात. पण हिशेब मागितला की गप्प बसतात.’ वेळ वाचवण्यासाठी तुम्ही पहिली दोन वाक्ये ठेवलीत, तर मालकाची स्तुती उरेल. केवळ तिसरे ठेवलेत, तर तक्रार उरेल. दोन्ही वेळा प्रत्येक शब्द त्याचाच असेल आणि तरीही ते त्याचे म्हणणे नसेल. तो उपकार आणि हक्क यांतील फरक सांगत होता. ती तीन वाक्ये एकत्रच राहिली पाहिजेत. कात्री चालवण्यापूर्वी स्वतःला विचारावे, की हा भाग ऐकून बोलणारा ‘मी हेच म्हणालो होतो’ असे म्हणेल काय?

अडखळणे, खोकला, तीनदा आलेले ‘म्हणजे’ हे काढण्यास हरकत नाही. उत्तरापूर्वीचा दीर्घ श्वास मात्र राहू द्यावा. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला जोडणे, हा सरळ खोटेपणा आहे.

७. जपून ठेवणे

मूळ ध्वनिमुद्रण शक्यतो ‘वेव्ह’ या स्वरूपात करावे. त्यात आवाज न दाबता साठवला जातो आणि एका माइकच्या तासाभराच्या ध्वनिमुद्रणास सुमारे ३०० मेगाबाइट जागा लागते. ‘एमपी-थ्री’ स्वरूपात ती बरीच कमी लागते, पण आवाजाचा काही भाग कायमचा गळतो. संपादन नेहमी प्रतीवर करावे. मूळ ध्वनिमुद्रणाच्या तीन प्रती असाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी ठेवावी.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतील अनेक ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. ओवीबरोबर ती सांगणाऱ्या बाईचे नाव आणि गाव यांचीही नोंद त्यांनी केली. पुढे हा संग्रह ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संस्थेकडे आला, तेव्हा कार्यकर्त्यांना त्या नोंदींच्या आधारे गावोगाव जाऊन त्यांतील काही गायिकांना पुन्हा भेटता आले.

मुलाखत प्रसारित झाल्यावर तिची प्रत बोलणाऱ्याला नेऊन ऐकवावी. त्याच्याकडे फोन नसेल, तर आपल्या फोनवर ऐकवावी.

शब्दार्थ
धोटा – मागावर आडवा धागा वाहून नेणारे लाकडी साधन. कांडी – धोट्यात बसवलेली धाग्याची नळी. फणी – ताण्याचे धागे ठरावीक अंतरावर ठेवणारी मागाची चौकट. पाळी – कामाची ठरलेली वेळ. नगावर – तयार मालाच्या संख्येनुसार. वीत – पसरलेल्या पंजाच्या अंगठ्यापासून करंगळीपर्यंतचे अंतर.

पाठगत प्रश्न २
(अ) ‘नाव गाळले म्हणजे ओळख लपली’ हे विधान चूक का आहे?
(आ) पाठातील कामगाराच्या तीन वाक्यांपैकी पहिले व तिसरे एवढीच ठेवली, तर अर्थात कोणता बदल होईल?

स्वाध्याय
१. यंत्रमाग कामगार आणि मंत्री यांना संमतीचा एकच नियम लावावा काय? तुमचे मत १५० शब्दांत लिहा.
२. पुढील प्रश्न ध्वनिमुद्रित मुलाखतीस योग्य होतील असे बदलून लिहा: ‘तुम्हांला हे काम आवडते का?’, ‘शाळा कधी सोडली आणि का सोडली आणि आता वाईट वाटते का?’
३. तुमच्या परिसरातील एखाद्या कामकरी व्यक्तीची, तिच्या संमतीने, दहा मिनिटांची मुलाखत ध्वनिमुद्रित करा. तिच्या कामाच्या जागेचा आवाज वेगळा घ्या. नंतर तीन मिनिटांचा भाग निवडून तो प्रथम त्या व्यक्तीला ऐकवा आणि तिने सुचवलेले बदल वहीत लिहून अभ्यासकेंद्रावर आणा.